इतिहास कोणत्या तारखेपासून मोजायचा? नायजेरियातील वांशिक चुरस आणि १९६६ चा न मिटणारा वाद

फेब्रुवारी २०२५ मध्ये नायजेरियाचे माजी लष्करी शासक इब्राहिम बाबांगिडा यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९९३ ची जी निवडणूक आपल्या राजवटीने रद्द केली ती खरे तर मोशूद अबिओला यांनी जिंकली होती, अशी कबुली त्यांनी त्यात दिली आणि साहजिकच तिचा मोठा गाजावाजा झाला. पण तितकाच गदारोळ दुसऱ्या एका विधानावरून उठला. १५ जानेवारी १९६६ च्या लष्करी उठावात पंतप्रधानांसह उत्तरेचे बडे नेते मारले गेले होते आणि तो आग्नेयेकडील इग्बो समाजाने रचला, असा आरोप उत्तरेत होत आला आहे. या उठावाला ‘इग्बो लोकांचा उठाव’ म्हणता येणार नाही, असे उत्तर नायजेरियातील या ८३ वर्षांच्या माजी सेनाधिकाऱ्याने लिहिले होते. इग्बो संघटनांनी या वाक्याचे मनापासून स्वागत केले, तर उत्तरेत अनेकांना तो इतिहासाचा विपर्यास वाटला. उठावाला तेव्हा ५९ वर्षे झाली होती आणि त्यात भाग घेणारे बहुतेक सर्व जण हयात नव्हते. तरीही हा प्रश्न इतका तापतो याची कारणे समजून घेतली, तर आफ्रिकेतील अनेक देशांच्या राजकीय इतिहासावर चालणारे वाद कसे घडतात हे बरेचसे उलगडते.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. आफ्रिकेतील वांशिक संघर्ष म्हणजे हजारो वर्षांपासून चालत आलेली टोळ्यांची वैरे, अशी समजूत आपल्याकडेही सर्रास आढळते. नायजेरियापुरते बोलायचे, तर ती निराधार आहे. तिथे अडीचशेहून अधिक लोकसमूह राहतात आणि त्यांपैकी तीन संख्येने मोठे आहेत. उत्तरेत हौसा आणि फुलानी, नैर्ऋत्येस योरुबा आणि आग्नेयेस इग्बो. पण ही तीन नावे आज ज्या एकजिनसीपणाने उच्चारली जातात तो एकजिनसीपणा अलीकडचा आहे. हौसा आणि फुलानी हे मुळात वेगळे लोक. १८०४ मध्ये उस्मान दान फोडियो या फुलानी धर्मगुरूने सुरू केलेल्या जिहादात हौसा राज्ये जिंकली गेली आणि त्यातून सोकोटोची खिलाफत उभी राहिली. योरुबा शहरे एकोणिसाव्या शतकात आपापसांतच लढत होती. इबादान आणि एकिती यांच्यातील किरिजी युद्ध १८७७ ते १८९३ असे सोळा वर्षे चालले. इग्बो प्रदेशात बहुतेक ठिकाणी राजा नव्हता, गावे आपला कारभार स्वतः पाहत. शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या इग्बो गावकऱ्याला विचारले असते, तर त्याने स्वतःची ओळख बहुधा आपल्या गावाच्या नावाने सांगितली असती.

१ जानेवारी १९१४ रोजी फ्रेडरिक लुगार्ड यांनी उत्तर आणि दक्षिण हे दोन ब्रिटिश संरक्षित प्रदेश जोडून नायजेरिया बनवला. त्यामागचा हेतू मुख्यतः हिशेबाचा होता, कारण उत्तरेचा कारभार तोट्यात चालत होता आणि दक्षिणेच्या बंदरांतून जकातीचे उत्पन्न येत होते. जोडणी कागदावर झाली, पण दोन्हीकडचा कारभार वेगळाच राहिला. उत्तरेत अमिरांमार्फत राज्य करायचे म्हणून ख्रिस्ती मिशनऱ्यांना तिथल्या मुस्लिम अमिरातींपासून बव्हंशी दूर ठेवले गेले, आणि मिशनऱ्यांसोबत येणाऱ्या इंग्रजी शाळाही त्यामुळे दूर राहिल्या. दक्षिणेत त्या झपाट्याने वाढल्या. परिणामी रेल्वे, टपाल, बँका, सरकारी कचेऱ्या आणि पुढे सैन्याचे अधिकारीपद या सर्व ठिकाणी आधी योरुबा आणि त्यांच्या मागोमाग इग्बो तरुण दिसू लागले. उत्तरेच्या शहरांत परक्या वस्त्या उभ्या राहिल्या, त्यांना हौसा भाषेत ‘सबोन गारी’, म्हणजे नवे गाव म्हणत. तिथे राहणारा इग्बो कारकून किंवा दुकानदार स्थानिकांच्या डोळ्यांपुढे रोज असे. वैराची मुळे शोधायची, तर ती या नोकऱ्यांच्या आणि वस्त्यांच्या इतिहासात शोधावी लागतात.

स्वातंत्र्य जवळ येऊ लागले तसे राजकीय पक्षही याच साच्यात ओतले गेले. उत्तर प्रांतात सोकोटोचे सरदौना (ही तिथली एक सरदारकीची पदवी) अहमदू बेलो यांचा नॉर्दर्न पीपल्स काँग्रेस, पश्चिमेस ओबाफेमी अवोलोवो यांचा अ‍ॅक्शन ग्रुप आणि पूर्वेस न्नामदी अझिकिवे यांचा एनसीएनसी (नॅशनल कौन्सिल ऑफ नायजेरिया अँड द कॅमेरून्स). यांतला तिसरा पक्ष सुरुवातीला प्रांतिक नव्हता. अझिकिवे यांचा जन्म उत्तरेतला, हौसा आणि योरुबा त्यांना येत, आणि लागोस या तेव्हाच्या राजधानीत त्यांना योरुबा मतदारांचाही मोठा पाठिंबा होता. म्हणूनच १९५१ च्या पश्चिम प्रांताच्या निवडणुकीचा वाद आजही जिव्हारी लागतो.

इग्बो लोकांत पिढ्यानपिढ्या सांगितली जाणारी हकीकत अशी की, पश्चिम प्रांताच्या विधानसभेत अझिकिवे यांच्या पक्षाचे बहुमत निवडून आले होते, पण १९५२ च्या जानेवारीत सभागृह भरले तेव्हा केवळ नेता इग्बो आहे म्हणून योरुबा सदस्य रातोरात अवोलोवो यांच्या बाकांवर जाऊन बसले आणि नायजेरियाच्या राजकारणात वंशवाद त्या दिवशी जन्मला. योरुबा बाजूचे म्हणणे असे की, त्या निवडणुकीत अनेक उमेदवार स्थानिक गटांतर्फे उभे होते, इबादानच्या स्थानिक पक्षाचे सदस्य तर कधीच एनसीएनसीचे नव्हते, त्यामुळे जे मुळात तुमचे नव्हतेच ते तुम्हाला सोडून गेले असे म्हणता येत नाही. एवढ्यावर कागदपत्रे काढून वाद घालता येतो आणि तो घातलाही जातो. परंतु दोन्ही हकीकतींत एक भाग सहसा गाळलेला असतो. लागोसहून केंद्रीय सभागृहात दोन सदस्य पाठवायचे होते. अझिकिवे यांची वाट मोकळी व्हावी म्हणून त्यांच्याच पक्षाच्या निवडून आलेल्या सहकाऱ्यांनी माघार घ्यायची होती, आणि ती त्यांनी घेतली नाही. म्हणजे वांशिक गटबाजीच्या जोडीला साधी वैयक्तिक महत्त्वाकांक्षाही तिथे होती.

याहूनही बोलका आहे तो पुढचा भाग. पश्चिमेत कोंडी झाल्यावर अझिकिवे १९५३ मध्ये पूर्व प्रांताच्या राजकारणात परतले. तिथे सरकारचे नेतृत्व त्यांच्याच पक्षाचे एयो इता करत होते. इता हे इग्बो नव्हते, कालाबारकडच्या अल्पसंख्य समाजातले होते. त्यांना बाजूला सारले गेले आणि पुढे अझिकिवे पूर्व प्रांताचे प्रमुख झाले. पश्चिमेची राजधानी इबादानमध्ये इग्बोंवर अन्याय झाला हे ज्यांना तोंडपाठ असते, त्यांच्यापैकी फार थोडे जण पूर्वेची राजधानी एनुगूमध्ये एयो इता यांचे काय झाले हे सांगतात. कालाबार आणि उयोकडच्या लोकांच्या आठवणीत मात्र ‘वंशवादाचा जन्म’ याच प्रसंगात झालेला असतो. वांशिक चुरशीत इतिहास कसा आकार घेतो याचे पहिले सूत्र इथे हाती लागते. प्रत्येक समूह आपली कथा अशा घटनेपासून सुरू करतो, जिच्यात पहिला घाव त्याच्यावर पडलेला असतो.

स्वातंत्र्य १ ऑक्टोबर १९६० रोजी आले, पण सत्तेचे गणित आधीच ठरले होते. १९५९ च्या निवडणुकीत केंद्रीय सभागृहाच्या ३१२ जागांपैकी १७४ जागा एकट्या उत्तर प्रांताला होत्या. जागा लोकसंख्येवरून ठरत असल्याने शिरगणती हाच सर्वांत मोठा राजकीय प्रश्न बनला. १९६२ ची गणती रद्द करावी लागली. १९६३ मध्ये पुन्हा मोजणी झाली, सुमारे ५ कोटी ५७ लाख हा आकडा जाहीर झाला, उत्तरेचे बहुमत कायम राहिले आणि पूर्व प्रांताच्या सरकारने तो आकडा फेटाळला. अवोलोवो यांना १९६३ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली दहा वर्षांची शिक्षा झाली. १९६५ च्या पश्चिम प्रांतातील निवडणुकीत उघड गैरप्रकार झाले आणि विरोधकांची घरे, मोटारी, माणसे पेट्रोल ओतून जाळण्यापर्यंत मजल गेली. जानेवारी १९६६ उजाडला तेव्हा देशाची अवस्था ही होती.

त्या रात्रीच्या घटनांबद्दल फारसे दुमत नाही. कटाचे सूत्रधार काही तरुण मेजर होते. कडुना शहरात मेजर चुकवुमा न्झेओग्वू यांनी अहमदू बेलो यांच्या घरावर हल्ला करून त्यांना ठार केले. लागोसमध्ये मेजर इमॅन्युएल इफेआजुना यांच्या तुकडीने पंतप्रधान अबुबकर तफावा बलेवा आणि अर्थमंत्री फेस्टस ओकोटी-एबो यांना पळवून नेऊन मारले. इबादानमध्ये पश्चिमेचे मुख्यमंत्री सॅम्युएल अकिन्टोला मारले गेले. सैन्यातील वरिष्ठ अधिकाऱ्यांपैकी ब्रिगेडिअर मैमलारी आणि ब्रिगेडिअर अडेमुलेगुन यांच्यासह अनेकांची हत्या झाली. पूर्वेत, एनुगूमध्ये, मुख्यमंत्री मायकेल ओकपारा यांना काही झाले नाही आणि अध्यक्ष अझिकिवे परदेशात होते. उठाव फसला, तो मोडून काढणाऱ्या सेनाप्रमुखाच्या, म्हणजे मेजर जनरल अग्विई-इरोन्सी यांच्या हाती उरलेल्या मंत्रिमंडळाने सत्ता सोपवली. इरोन्सी इग्बो होते.

या घटनांवरून दोन कथा उभ्या राहतात आणि दोन्हींना पुरावा आहे. पहिली कथा सांगते: सूत्रधारांपैकी एक अपवाद वगळता जवळजवळ सर्व मेजर इग्बो होते, मारले गेलेले बडे नेते उत्तरेतले, पश्चिमेतले आणि मध्य-पश्चिमेतले होते, इग्बो मुख्यमंत्री मात्र वाचले आणि अखेरीस सत्ता एका इग्बो सेनापतीकडे आली, यापुढे आणखी काय सांगायचे? दुसरी कथा उत्तर देते: सूत्रधारांपैकी मेजर अडेवाले अडेमोयेगा योरुबा होते, उठाव करणाऱ्यांना तुरुंगातून अवोलोवो यांना सोडवून देशाच्या नेतृत्वावर बसवायचे होते, असे त्यांनी पुढे लिहिले, मृतांत लेफ्टनंट कर्नल आर्थर उनेग्बे हे इग्बो अधिकारी होते, आणि उठाव मोडणारे इरोन्सी इग्बो होते, तसेच उत्तरेतील कानो शहरातली पलटण उठावापासून दूर ठेवणारे लेफ्टनंट कर्नल ओजुक्वू, जे पुढे पूर्व प्रांताचे लष्करी राज्यपाल झाले, तेही इग्बोच होते.

मला या सर्वांत न्झेओग्वू यांचे उदाहरण सर्वांत उद्बोधक वाटते. त्यांचा जन्म कडुनाचा, त्यांच्या नावातच ‘कडुना’ होते, हौसा त्यांना मातृभाषेसारखी येत असे, आणि त्या रात्री त्यांच्या हुकमाखाली सरदौनांच्या घरावर गेलेले शिपाई बहुतांशी उत्तरेचेच होते. उठावानंतरच्या त्यांच्या रेडिओवरील भाषणात शत्रू म्हणून कोणत्याही समाजाचा उल्लेख नाही. त्यात लाचखोर, दहा टक्के मागणारे, राजकारणातून नफा उकळणारे लोक शत्रू ठरवले आहेत. हे सर्व खरे मानूनही सरदौनांच्या अनुयायाला काय दिसले, तर त्याचा धार्मिक आणि राजकीय नेता मारला गेला आणि मारणाऱ्याचे आडनाव इग्बो होते. एका बाजूला हेतू पाहायचा आहे, दुसऱ्या बाजूला परिणाम. हेतू मनात असतो आणि त्याची साक्ष मुख्यतः कट करणाऱ्यांच्याच तोंडून मिळते. परिणाम मात्र कबरींच्या यादीत सर्वांना वाचता येतो. म्हणून केवळ नवी कागदपत्रे सापडून हा वाद मिटेल असे मानण्यात अर्थ नाही.

मेजरांच्या यादीत इग्बो नावे इतकी का, याचे एक साधे कारणही बहुधा चर्चेत येत नाही. शिपाई-भरतीत उत्तरेचे प्राबल्य होते, पण अधिकारीपदासाठी शालेय शिक्षण लागत असे आणि ते ज्यांना आधी मिळाले ते आधी वर चढले. त्या काळी मेजरच्या हुद्द्यावर इग्बो अधिकाऱ्यांचे प्रमाणच मोठे होते. मेजरांनी केलेला कोणताही कट त्या सैन्यात पुष्कळसा इग्बो दिसला असता. याने मृतांच्या यादीतील असमतोलाचे समर्थन होत नाही, पण कट कोणत्या समाजाने रचला असा प्रश्न विचारण्याऐवजी तो कोणत्या हुद्द्यावरच्या माणसांनी रचला हे विचारले, तर उत्तर वेगळे दिसते.

पुढचे सहा महिने सर्वनाशाकडे नेणारे ठरले. इरोन्सी यांनी कटवाल्यांना अटकेत ठेवले, पण खटला चालवला नाही. उत्तरेच्या सैनिकांना यात पक्षपात दिसला. २४ मे रोजी त्यांनी प्रांत रद्द करून एकछत्री कारभाराचा हुकूम काढला, तेव्हा आता आपल्या कचेऱ्यांतही दक्षिणेचे लोक भरले जाणार ही भीती उत्तरेत पसरली आणि महिनाअखेरीस इग्बोविरोधी दंगे झाले. २९ जुलै रोजी उत्तरेच्या सैनिकांनी प्रतिउठाव केला. इरोन्सी तेव्हा इबादानमध्ये पश्चिमेचे लष्करी राज्यपाल अडेकुन्ले फाजुयी यांच्याकडे पाहुणे होते. दोघांनाही नेऊन ठार करण्यात आले. उत्तरेचे सेनाधिकारी याकुबू गोवोन सत्तेवर आले. सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये उत्तरेतील शहरांत इग्बोंच्या भीषण कत्तली झाल्या, त्यांत काही ठिकाणी सैनिकही सामील होते. मृतांचे अंदाज काही हजारांपासून तीस हजारांपर्यंत जातात. दहा लाखांहून अधिक माणसे मिळेल त्या रेल्वेने आणि ट्रकने पूर्वेकडे पळाली. ३० मे १९६७ रोजी ओजुक्वू यांनी पूर्व प्रांताचे ‘बिआफ्रा’ या नावाने स्वातंत्र्य जाहीर केले, जुलैत युद्ध सुरू झाले आणि ते १५ जानेवारी १९७० ला संपले. त्यात दहा लाखांपासून तीस लाखांपर्यंत लोक मेले असे अंदाज आहेत, आणि त्यांतले बहुसंख्य भुकेने मेले.

आता या मालिकेची सुरुवात कुठून करायची? उत्तरेतला माणूस १५ जानेवारी म्हणतो, कारण त्याच्या मते पुढचे सगळे त्या रात्रीची प्रतिक्रिया होती. इग्बो माणूस जुलै किंवा सप्टेंबर म्हणतो, कारण काही मेजरांच्या गुन्ह्यासाठी रेल्वेस्थानकावर उभ्या असलेल्या बायकामुलांना कापून काढणे ही प्रतिक्रिया नव्हे, तो स्वतंत्र आणि अधिक मोठा गुन्हा होता. या दुसऱ्या म्हणण्यात माझ्या मते निःसंशय न्याय आहे. पहिल्या हत्यांचे दुःख खरे असू शकते आणि तरीही ते दुसऱ्या कत्तलीचे कारण म्हणून पुढे करता येत नाही. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, जानेवारीचा उठाव ‘इग्बोंचा’ ठरला की सप्टेंबरच्या कत्तलींना ‘बदला’ म्हणता येते, आणि तो इग्बोंचा नव्हता असे ठरले की त्या निखळ अत्याचार ठरतात. बाबांगिडांच्या एका वाक्यावर इतके का अवलंबून होते ते यावरून कळावे.

योरुबा आणि इग्बो यांच्यातला वाद वेगळ्या मुद्द्यावर आहे आणि तो अवोलोवो यांच्याभोवती फिरतो. गोवोन यांनी त्यांना तुरुंगातून सोडले. १ मे १९६७ रोजी अवोलोवो यांनी असे म्हटले होते की, काही करण्याने किंवा न करण्याने पूर्वेला फुटून जाऊ दिले गेले, तर पश्चिम आणि लागोस यांनाही संघराज्यात राहता येणार नाही. इग्बो लोकांनी हे वचन समजले. प्रत्यक्षात अवोलोवो गोवोन यांच्या सरकारात अर्थखाते सांभाळू लागले. योरुबा बाजू म्हणते, विधान सशर्त होते आणि पूर्वेला कोणी जाऊ दिले नाही, ती स्वतःहून गेली. त्यानंतर येतो भुकेचा प्रश्न. युद्धात उपासमार हे शस्त्र म्हणून वापरणे योग्य आहे, अशी भूमिका अवोलोवो यांच्या नावावर आहे. १९८३ च्या एका जाहीर मुलाखतीत त्यांनी स्पष्टीकरण दिले ते असे की, आघाडीवरील शहरांना भेट दिली तेव्हा कुपोषणाने पोट फुगलेली मुले आपण पाहिली, पाठवलेले अन्न कुठे जाते याची चौकशी केली असता ते सैनिक लुटतात असे कळले, आणि म्हणून ते थांबवण्याचा निर्णय झाला. बिआफ्राच्या बाजूनेही प्रश्न आहेतच, कारण ओजुक्वू यांनी संघीय प्रदेशातून येणारा मदतीचा जमीनमार्ग नाकारला होता. त्यात विषाची आणि लष्करी घुसखोरीची भीती होती असे त्यांचे समर्थक सांगतात.

युद्धानंतर ‘कोणी जिंकले नाही, कोणी हरले नाही’ अशी घोषणा झाली. तरीही बँकेतील खात्यांच्या बाबतीत असे झाले की, युद्धाआधी कितीही ठेव असली तरी असंख्य इग्बो खातेदारांच्या हाती सरसकट वीस पौंड पडले. पुरावा दाखवणाऱ्यांचे पैसे बुडाले नाहीत, वीस पौंड हे नोंदी नसलेल्यांसाठी होते, असा बचाव अवोलोवो यांच्या बाजूने केला जातो. पण जळालेल्या गावातून अंगावरच्या कपड्यांनिशी पळालेल्या माणसाने पासबुक कुठून आणायचे? १९७२ मध्ये परकीय कंपन्यांचे समभाग नायजेरियन लोकांना विकत घेता येतील असा हुकूम निघाला, तेव्हा ज्यांच्या हाती वीस पौंड होते ते या खरेदीत कुठे असणार होते? इग्बो कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युद्धाच्या आठवणींत अवोलोवो यांच्यावर थेट आरोप केला, तेव्हा योरुबा लेखक आणि राजकारणी त्यांच्यावर तुटून पडले. अवोलोवो यांनी पश्चिम प्रांतात १९५५ मध्ये सुरू केलेल्या मोफत प्राथमिक शिक्षणामुळे लाखो योरुबा घरांत पहिली अक्षरे पोहोचली होती. त्या घरांतील माणसाला हा आरोप एका मंत्र्याच्या धोरणावरचा आरोप म्हणून ऐकूच येत नाही, तो स्वतःच्या आईबापांवर आल्यासारखा लागतो. ज्यांच्यावर हा सारा रोख आहे त्या अवोलोवो यांचे १९८७ मध्ये निधन झाले, तेव्हा नायजेरियाला न लाभलेला सर्वोत्तम अध्यक्ष, असे त्यांचे वर्णन खुद्द ओजुक्वू यांनी केले होते. वारसांइतके कट्टर मूळ माणसे स्वतः नसतात, याची अशी उदाहरणे या इतिहासात बरीच आहेत.

तीन मोठ्या समूहांच्या या झगड्यात ज्यांचा आवाज दबतो त्यांच्याकडे पाहिले, की दोन्ही बाजूंच्या सरळ कथा मोडून पडतात. फेब्रुवारी १९६६ मध्ये, म्हणजे बिआफ्राच्या सव्वा वर्ष आधी, आयझॅक अडाका बोरो या इजॉ तरुणाने नायजर नदीच्या मुखप्रदेशाचे स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केले होते. ते बारा दिवस टिकले. नंतर तोच बोरो बिआफ्राविरुद्ध संघीय सैन्यातून लढला आणि १९६८ मध्ये मारला गेला. ओगोनी या अल्पसंख्य समाजातील लेखक केन सारो-विवा यांनीही युद्धात संघराज्याची बाजू घेतली. त्यांच्या लेखी बिआफ्रा म्हणजे तेलाच्या प्रदेशावर इग्बोंचे वर्चस्व होते. पुढे त्याच संघराज्याच्या लष्करी राजवटीने १९९५ मध्ये सारो-विवा यांना फाशी दिले. पोर्ट हारकोर्टमधील इग्बोंची घरे युद्धानंतर ‘सोडलेली मालमत्ता’ ठरवून ज्यांनी ताब्यात घेतली, त्यांतही याच अल्पसंख्य समूहांतले लोक होते. पीडित आणि लाभार्थी अशा एकाच समाजाच्या दोन्ही नोंदी एकाच पानावर असू शकतात.

असाबा या शहराची हकीकत तर कोणत्याच चौकटीत बसत नाही. नायजर नदीच्या पश्चिम काठावरचे हे शहर इग्बो भाषिक, पण ते बिआफ्रात नव्हते. ऑक्टोबर १९६७ मध्ये संघीय सैन्य तिथे पोहोचले आणि माणसे मारू लागले. वडीलधाऱ्यांनी ठरवले की, आपण एकसंध नायजेरियाच्या बाजूचे आहोत हे सर्वांनी मिळून दाखवावे. शेकडो स्त्री-पुरुष आणि मुले ‘अक्वा ओचा’ हा सणासुदीचा पांढरा पेहराव घालून, गात आणि नाचत, ‘एक नायजेरिया’च्या घोषणा देत मुख्य रस्त्याने निघाली. सैनिकांनी पुरुष आणि मोठी मुले बाजूला काढली, ओग्बे-ओसोवा या चौकात नेली आणि मशीनगन चालवली. त्या काही दिवसांत असाबात पाचशेहून अधिक लोक मारले गेले. संघराज्याच्या विजयाच्या इतिहासात या घटनेला जागा नव्हती आणि बिआफ्राच्या कथेतही ती फार काळ कडेलाच राहिली, कारण ही माणसे बिआफ्रासाठी मेली नव्हती.

हे वाद केवळ स्मृतीवर जगत नाहीत. नायजेरियात १९७९ च्या राज्यघटनेपासून केंद्रातील पदे सर्व भागांत वाटली जावीत असे तत्त्व आहे आणि राष्ट्राध्यक्षपद उत्तर आणि दक्षिण यांत आलटून पालटून द्यावे असा पक्षांतर्गत संकेत आहे. इरोन्सी यांच्या सहा महिन्यांनंतर देशाच्या प्रमुखपदी एकही इग्बो व्यक्ती आलेली नाही. अशा व्यवस्थेत इतिहास हा भाऊबंदकीच्या दाव्यातील सातबाऱ्यासारखा वापरला जातो. जुनी नोंद कोणाच्या नावावर होती यावर आजचा हिस्सा ठरतो. १९६६ चा दोष माथी असलेल्या समाजाला ‘तुमच्यावर देश कसा सोपवायचा’ असे ऐकवता येते, आणि १९६६ चा बळी मानलेल्या समाजाला ‘आता आमची पाळी’ असे म्हणता येते. २०२३ च्या अध्यक्षीय निवडणुकीत पीटर ओबी या इग्बो उमेदवाराने लागोस राज्यात सर्वाधिक मते मिळवली. काही आठवड्यांनी राज्यपालपदाच्या निवडणुकीत तिथल्या इग्बो मतदारांना धमकावण्याचे प्रकार घडले, आणि समाजमाध्यमांवर १९५१ चे इबादान सभागृह, वीस पौंड आणि लागोस मुळात कोणाचे, हे सारे विषय एकदम वर आले. ही उजळणी करणाऱ्या तरुणांपैकी अनेकांना हा इतिहास शाळेत मिळालेलाच नव्हता, कारण काही वर्षे इतिहास हा स्वतंत्र विषयच शालेय अभ्यासक्रमातून काढून टाकलेला होता. त्यांना तो घरी, आजोबांच्या तोंडून, आपल्याच समाजाच्या तारखेपासून सुरू होणारा असा मिळाला.

लष्करी राजवट संपल्यावर १९९९ मध्ये अध्यक्ष ओलुसेगुन ओबासान्जो यांनी न्यायमूर्ती चुकवुदिफू ओपुता यांच्या अध्यक्षतेखाली मानवी हक्कांच्या उल्लंघनांची चौकशी करणारा आयोग नेमला. आधी त्याला १९८४ पासूनच्या घटना पाहायच्या होत्या. मग त्याची कक्षा मागे नेण्यात आली आणि ती १५ जानेवारी १९६६ या तारखेपासून सुरू करण्यात आली. इग्बोंच्या ओहानेझे या संघटनेने आपल्या समाजावरील अत्याचारांचे सविस्तर निवेदन दिले, उत्तरेच्या संघटनेने त्याला उत्तर देताना सरदौना आणि बलेवा यांच्या हत्येपासून सुरुवात केली, आणि असाबाच्या साक्षीदारांनी पहिल्यांदाच सरकारी व्यासपीठावरून आपल्या मृतांची हकीकत सांगितली. सुनावणी दूरचित्रवाणीवर दाखवली जात होती. आयोगाने मे २००२ मध्ये अहवाल सादर केला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला की, १९९९ च्या घटनेनुसार असा आयोग देशभरासाठी नेमण्याचा अधिकार केंद्राला नाही. या आयोगाविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांत बाबांगिडाही होते. सरकारने तो अहवाल अधिकृतपणे कधीच प्रसिद्ध केला नाही.